बी.ए.ला हसणाऱ्यांनी हिशेब मांडावा



बारावीचा निकाल लागला की आपल्या गावात दोन पाहुणे येतात. एक बियाण्याचा, दुसरा कॉलेजचा. पहिला म्हणतो, हे वाण लावा, एकरी पंधरा क्विंटल कापूस मोजून घ्या. दुसरा म्हणतो, पोराला इंजिनीअरिंगला टाका, शंभर टक्के नोकरी. दोघांजवळ रंगीत कागद, दोघांजवळ उधारीची सोय. पहिल्याला आपण आता थोडेफार ओळखतो. कोरडवाहू वावरात त्याचे पंधरा क्विंटल किती उतरतात हे वेचणीच्या हिशेबाने आपल्याला शिकवले आहे. दुसऱ्याला मात्र आपण अजून चहा पाजून वाटेला लावतो आणि आठ दिवसांनी सातबारा घेऊन बँकेच्या पायरीवर बसतो.

ज्या पोराला मार्क कमी पडले, किंवा ज्या पोरीच्या पाळीला पैसा उरला नाही, त्यांना आपण बी.ए.ला टाकतो. टाकतो हाच शब्द, उकिरड्यावर टाकावे तसा. आणि मग पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत जो तो विचारतो, "बी.ए. करून काय होते बाप्पा?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आहे. आम्ही शेतकीचे पदवीधर. तांत्रिक पदवी काय देते आणि काय देत नाही, हे आम्हाला आतून माहीत आहे.

आधी रोकडा हिशेब. कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो, पण पदवीचा उत्पादन खर्च आपल्यापैकी किती जणांनी काढला? २०२५-२६च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. समजा तो सगळ्या मालाला मिळाला. (खेडा खरेदीवाल्याने दारात काय दिले ते तुमचे तुम्हाला माहीत.) समजा खाजगी कॉलेजची फी वर्षाला एक लाख. चार वर्षांचे चार लाख, म्हणजे ५२ क्विंटल कापूस. पाच एकर कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर वर्षाला पंचवीस क्विंटल होतात. म्हणजे दोन वर्षे घरात आलेला सगळा कापूस फीमध्ये गेला, त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा एक पैसाही वजा न करता. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये हमीभावाने १०८ क्विंटल. खोली, मेस, बस आणि लॅपटॉप अजून धरलेच नाहीत.

एवढे घालून काय निघाले? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत शेतकऱ्यांची पोरे इंजिनीअर झाली, पुण्याला गेली, काही परदेशात गेली, हे खरे आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण आवक वाढली की भाव पडतो, हे कापूस पिकवणाऱ्याला कोणी शिकवायला नको. २०१०नंतर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे इंजिनीअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, विदर्भातल्या कित्येक कॉलेजांना कुलपे लागली. आता कॉम्प्युटरच्या शाखांना पुन्हा गर्दी आहे. ती गर्दी पाहून आम्हाला डी.एड.चे दिवस आठवतात. तेव्हाही गावोगावी कॉलेजे निघाली होती, तेव्हाही हमी होती, आणि २०१२ साली सरकारने शिक्षकभरती थांबवली तेव्हा हमी देणारा एकही माणूस जागेवर नव्हता.

२०२४ साली राज्यात पोलीस भरती निघाली. जागा १७ हजारांवर, अर्ज १७ लाखांवर. त्यात इंजिनीअर होते, एम.बी.ए. होते, आणि तुम्ही हसता ते बी.ए.वालेही होते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे एकाच मैदानावर धावले. बापाचे पाच लाख लागले की पाच हजार, हे कोणी धावणाऱ्याला विचारले नाही.

दुसरी गंमत पाहा. आमच्या ओळखीतली कितीतरी इंजिनीअर आणि शेतकी पदवीधर पोरे नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसली आहेत. ती तिथे काय वाचतात? इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र, मराठी. म्हणजे बी.ए.! चार लाख देऊन जे टाळले तेच पुढची चार वर्षे खोलीभाडे देऊन वाचायचे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे आयोगाने ठरवले, तेव्हा २०२३च्या सुरुवातीला पुण्यात पोरे रस्त्यावर आली. ही पद्धत २०२५पासून लागू करा, अशी त्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. तयारीला वेळ हवा हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. पण सोळा वर्षे शिकलेल्या पोराला आपल्या भाषेत दोन पाने सलग लिहिण्याची धास्ती वाटावी, याचा जाब त्या पोराला विचारून भागणार नाही.

आता खापरखेड्याचे बोलू, कारण हा अंक इथल्या बैठकीत वाटला जाणार आहे. आपल्या डोक्यावर ज्या चिमण्या उभ्या आहेत त्यांचा पहिला संच १९८९ साली चालू झाला. आज २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १,३४० मेगावॅट. वीजकेंद्र, राखेचे तलाव, कोळसा खाणी, रेल्वेचे फाटे, मोठे रस्ते, या सगळ्याला जमीन लागली आणि ती कोणाची तरी वाहितीची होती. म्हणून या पट्ट्यात पोराला आय.टी.आय.ला घालायची रीत पडली. फिटर हो, इलेक्ट्रिशियन हो, गेटच्या आत जाशील. आम्ही आय.टी.आय.च्या विरोधात नाही. सरकारी आय.टी.आय.ची फी शेतकऱ्याला झेपते, हातात कसब येते, आणि तो पोरगा निदान विहिरीवरची मोटर तरी दुरुस्त करतो. पण गेटच्या आत गेलेल्यांपैकी कायम किती आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर किती, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत मोजावे. आणि ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी कापला पण भरला नाही, तर अर्ज कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत करायचा, हे फिटरच्या अभ्यासक्रमात नाही.

शब्दांचीच गोष्ट निघाली आहे, तर जमिनीची सांगतो. १८९४च्या भूसंपादन कायद्यात एक अट होती. निवाड्याची रक्कम घेताना शेतकऱ्याने ती 'हरकतीसह' घेतली असेल, तरच वाढीव मोबदल्यासाठी कलम १८खाली न्यायालयाकडे जाता येई. निमूट सही करून पैसे उचलले की ती वाट बंद. मुदतही ठरलेली होती. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर सहा आठवडे. १९८४ साली कायद्यात कलम २८-अ आले. एकाच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला न्यायालयाने जास्त भाव दिला, तर ज्याने आधी अर्ज केला नव्हता त्यालाही तो भाव मागता येऊ लागला, पण न्यायालयाच्या निकालापासून तीन महिन्यांच्या आत. २०१४पासून नवा कायदा लागू झाला. त्यात मोबदल्याचे गणित बदलले, पण 'हरकतीसह' ही अट आणि सहा आठवड्यांची मुदत तशीच राहिली.

म्हणजे किंमत कशाची झाली? सहीच्या वर लिहिलेल्या एका शब्दाची. एका धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच काळी जमीन, सारखीच पऱ्हाटी. एकाने तो शब्द लिहिला, दुसऱ्याने नुसती सही केली. आम्ही अशी घरे पाहिली आहेत. एका घरात वाढीव मोबदल्यातून दुसऱ्या गावी वावर घेतले गेले. दुसऱ्या घरात पोराला शिकवायला म्हणून तोच पैसा कॉलेजात भरला आणि पोरगा आज ठेकेदाराकडे आहे. दुसऱ्या घरातला माणूस अडाणी होता असे समजू नका. त्याच्या घरात त्या दिवशी एक डिप्लोमावाला आणि एक शेतकी पदवीधर होता. नोटीस दोघांनीही हातात घेतली. पण 'पूर्वाधिकार', 'निवाडा', 'हितसंबंधी व्यक्ती' हे शब्द पाहून ती तशीच फडताळात ठेवली. असली नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय ज्या शिक्षणाने लागते, त्याला तुम्ही विचारता, करून काय होते.

हे दुखणे आजचे नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थरातल्या थोड्यांवर होतो, ही त्यांची तक्रार होती. आणि रयतेच्या पोरांना काय शिकवावे याची त्यांनी यादीच दिली. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन होते, हिशेब होता, इतिहास, भूगोल आणि व्याकरण होते, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही होते. व्याकरण हवे की शेती, असा वाद त्यांनी घातला नाही. कुणब्याच्या पोराला व्याकरण कशाला, हा प्रश्न त्या काळी शेटजी-भटजी विचारत. आज तोच प्रश्न आपण आपल्या पोराला विचारतो.

आणि आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख? अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला १९६९पासून त्यांचे नाव आहे. शेतकीची पदवी हातात घेणारा प्रत्येक पोरगा त्यांच्या नावाचा कागद घरी नेतो. भाऊसाहेब स्वतः काय शिकले होते? शेतकी नाही. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा इंग्लंडला गेला, बॅरिस्टर झाला आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. आजच्या कॉलेजच्या एजंटाने त्याला सांगितले असते, भाऊ, याला स्कोप नाही. त्याच माणसाने अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, १९५२नंतर दिल्लीत कृषिमंत्रिपद सांभाळले आणि १९५५ साली भारत कृषक समाज स्थापला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्यात विठ्ठलराव विख्यांबरोबर धनंजयराव गाडगीळ होते. ते अर्थशास्त्राचे माणूस. यंत्रे बसवायला इंजिनीअर लागलेच. पण ऊस कोणाचा, कारखाना कोणाचा आणि नफा कोणाचा, हा करार इंजिनीअरने लिहिलेला नाही.

आता आमच्या पदवीचे. चार वर्षांत आम्हाला नत्र, स्फुरद, पालाश यांच्या मात्रा पाठ झाल्या. मररोग, लाल्या, बोंडअळी तोंडओळखीच्या झाल्या. हे ज्ञान खरे आहे, आम्ही ते आजही वापरतो. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली, वीसवर शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा आम्ही स्वतःला आणि आमच्या जातभाईंना, म्हणजे शेतकी पदवीधरांना, एक प्रश्न विचारला. औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल तर अति विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक. डबा बनवणारा पदवीधर, विकणारे कित्येक पदवीधर, तपासणारा पदवीधर. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला मात्र लाल आणि हिरव्यातला फरक कोणी सांगितला नव्हता. डब्यातली घडीपत्रिका मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात आणि अशा मराठीत की ती वाचताना आम्हालाही दोनदा थांबावे लागते. रसायनाचे ज्ञान कमी पडले नाही. ते ज्ञान मजुराच्या भाषेत आणून देणारा माणूस या साखळीत कुठेच नव्हता, कारण त्या कामाला आपण शिक्षण मानतच नाही.

भावाचेही तसेच. एकरी दोन क्विंटल वाढवायचे कसे, हे आमच्या पदवीने शिकवले. वाढलेल्या दोन क्विंटलचे काय होते, हे शिकवले नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात यायच्या वेळी बाहेरच्या मालाला दार उघडे. या अधिसूचनेत ना अळी आहे ना खत. ती वाचायला अर्थशास्त्र लागते, आणि तिच्यामागची चाल कळायला इतिहास लागतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला आणि तेजीत कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात जाऊन बसला. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली आली, ती पंढरीच्या वारकऱ्यांसाठी आली नाही. हे ज्याने वाचले आहे, तो तेजीच्या वर्षी ट्रॅक्टरचा हप्ता बांधून घेताना एकदा तरी थांबेल.

कोणी म्हणेल, मग पोरांना बी.ए. करून उपाशी मारता काय? आणि आजचे बी.ए. तरी कुठे असे शिकवते? दुसरा प्रश्न आम्हाला मान्य आहे. तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, शिकवणारा तासिकेवर, त्याचे मानधन महिनोन्महिने थकलेले. वर्गात पाच पोरे. परीक्षेच्या आधी आठ दिवस गाइड आणायचे, लिहायचे, पास व्हायचे. ज्या कापसाने नागपूर वसले, जिने १८७७ साली एम्प्रेस मिल चालवली, त्या पिकाचा इतिहास त्या गाइडात नाही. हे बी.ए. नव्हे, बी.ए.चे बुजगावणे आहे. पण बुजगावण्याकडे पाहून आपण राखणच सोडून दिली. सरकारलाही तेच हवे होते. ज्याची मागणीच नाही त्यावर खर्च कशाला?

पहिल्या प्रश्नाला उत्तर इतकेच की, बी.ए. झाले म्हणून पोट भरेल असे आम्ही म्हणत नाही. इंजिनीअर झाले म्हणून भरेल असेही कोणी म्हणू नये. पोटासाठी हातात कसब हवेच. ते आय.टी.आय.चे असो, शेतीचे असो, दुकानाचे असो. दोन पोरे असतील तर एकाला फिटर करा आणि दुसऱ्याला, किंवा दुसरीला, इतिहास-अर्थशास्त्र नीट शिकू द्या. पुढे तिला वकिली करू द्या. एकच असेल तर त्याला दोन्ही मिळेल अशी सोय मागा. जमीन गहाण ठेवून घ्यावी एवढी किंमत मात्र कोणत्याच पदवीची नाही. एजंटाला एवढे विचारा की गेल्या तीन वर्षांत पास झालेल्या पोरांची नावे, गावे आणि पगार लिहून देतोस का. आम्ही विचारून पाहिले आहे. तो चहा अर्धा टाकून उठतो.

पोरींचे वेगळे सांगायला हवे. २०२४ साली सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. चांगले केले. पण आपल्या गावांतल्या बहुतेक मुली बी.ए.लाच जातात, आणि त्यांचे शिक्षण फीपायी नाही, बसपायी सुटते. सकाळची एस.टी. चुकली की दिवस गेला, संध्याकाळची आली नाही की घरचे म्हणतात पुरे झाले. कॉलेजच्या वेळेला धरून एस.टी. हवी आणि तालुक्याला मुलींचे वसतिगृह हवे. कला शाखेच्या रिकाम्या जागा कायमच्या माणसांनी भरल्या पाहिजेत. मराठीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाबरोबर भूसंपादनाची नोटीस, पीकविम्याचा अर्ज आणि बाजार समितीची पट्टी वाचायला शिकवले पाहिजे. जिल्ह्याच्या ठरावात या मागण्या घालायच्या आहेत. कोणाला भर घालायची असेल त्याने लिहून आणावे.

बैठकीला येताना घरातल्या फडताळात पडलेल्या नोटिसा, निवाड्याच्या प्रती आणि ठेकेदाराच्या पगारपट्ट्या पिशवीत घालून आणा. मंडपाच्या डाव्या बाजूला एक टेबल राहील. कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि एक वकील तिथे दिवसभर बसतील, कागद मोठ्याने वाचून दाखवतील आणि अर्ज लिहून देतील. ज्यांच्या निवाड्याला अजून सहा आठवडे झाले नाहीत त्यांनी सकाळी दहाच्या आधी पोहोचावे, त्यांचे कागद पहिले घेतले जातील.